एकाहत्तर की एकोणऐंशी

४ जानेवारी

साहेबांना नवं खूळ लागलं!

पर्स टेबलावर ठेवायच्या आत केबिनमधून हाक. "लिहून घ्या. दर वर्षी आपण एका माणसाला एक वर्ष कामातून सोडवायचं." मी विचारलं, कुठल्या खात्यातल्या? तर म्हणाले, "आपल्या नाही हो! कुठल्याही. पोटासाठी भलतंच काहीतरी करतोय आणि डोक्यात गाणं आहे, चित्र आहे, नाटक आहे — असा माणूस. वर्षभराचा पगार आपला. त्यानं आपलं काम करत बसायचं आणि आठवड्यातून दोन दुपारी शाळेत पोरांना शिकवायचं. झालं."

झालं म्हणे! नियम मी लिहायचे, जाहिरात मी लिहायची, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना मी पटवायचं. एकोणीस वर्षं या बटणांच्या कारखान्यात साहेबांची पत्रं लिहिते आहे. त्यांचं "झालं" की माझी सुरुवात. वाचनालयाचं छप्पर असंच झालं. शाळेची पेटी, नाट्यमंडळाचे दिवे, चित्रकलेच्या वर्गाची मोठी खिडकी — सगळं एकेका सकाळी "झालं". आणि नावाची पाटी कुठेही नाही. पाटी लावली की लोक पाटी वाचतात आणि निघून जातात, म्हणतात.

मला हा माणूस फार आवडतो. तोंडावर कधी सांगणार नाही!

७ जानेवारी

नियम ठरले. कामावर नाव घालायचं नाही, फक्त आकडा. काम शाळेत द्यायचं, तिथून आकड्याची चिठ्ठी घ्यायची. नाव-पत्ता बंद पाकिटात, पाकिटावर तोच आकडा. पाकिटं साहेबांच्या कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात. जो निवडला जाईल त्याचंच पाकीट उघडायचं. बाकीची सगळी ३१ मार्चला न उघडता यंत्रात घालून बारीक करायची.

मी म्हटलं, आपल्या कारखान्यातल्यांनी अर्ज केला तर? त्यांच्या घरच्यांनी?

"करू दे की. आकड्याला कुठे काका-मामा असतात?"

परीक्षक एकच, मास्तर. शाळेतले चित्रकलेचे जुने शिक्षक, नाटकांचे पडदे रंगवलेले, पेटीही वाजवतात. तिघे परीक्षक बसले की कुणालाच नको असलेलं निवडतात, असं साहेबांचं मत. मी मान डोलावली. डोलावण्याचाच पगार आहे.

९ जानेवारी

आज धीर करून विचारलं, बाकीची पाकिटं उघडायची का नाहीत?

साहेब हातातलं बटण नखानं घासून बघत होते. नवा माल आला की तासभर हेच चालतं. वर न बघता म्हणाले, "अकरा वर्षांचा होतो. चित्रांची स्पर्धा होती. निकाल सगळ्या शाळेसमोर वाचला. आधी निवडलेल्यांची नावं, मग न निवडलेल्यांची. ती का वाचली, देव जाणे. माझं शेवटून दुसरं. पोरं दोन दिवस 'शेवटून दुसरा' म्हणत होती. त्यानंतर पेन्सिल धरली ती फक्त बटणं आखायला."

मग एकदम, "हे भोक जरा तिरकं आहे बघा," म्हणून बटण माझ्या हातात दिलं. भोक अगदी सरळ होतं.

१३ जानेवारी

घरात कागदच कागद!

आई — माझ्या सासूबाई — वय चौऱ्याहत्तर. कात्री हातात आली की चौदा. शिवणकारखान्यात तीस वर्षं कापड बेतलं, आता कापड नाही तर कागद. पुड्यांचे, पाकिटांचे, मी न वाचलेल्या वर्तमानपत्राचे! त्यातून माणसं कापतात, खिडकीत रांगेनं उभी करतात आणि जिन्यातल्या पोरांना विचारतात, ओळखा कोण? वरच्या मजल्यावरच्या काकू नुसत्या पाठीवरून ओळखू येतात. परवा रांगेत मीही सापडले, एक हात कमरेवर आणि दुसऱ्यात फोन. "माझं पोट एवढं नाहीये, आई!" तर म्हणाल्या, "कात्रीला विचार. मी काय, नुसती धरते."

आमचे हे तीन-चार महिने बाहेरगावी, लिफ्ट बसवायच्या कामावर. रविवारी फोन येतो तेवढाच. घरात आम्ही दोघी आणि कपटे. आज ते माझ्या चपलेत निघाले.

२० जानेवारी

सगळा कारखाना कलावंत निघाला! पॅकिंगमधल्या ताईंनी कवितांची वही डब्याच्या पिशवीतून आणली. निम्म्या कवितांना तेलाचा वास. हिशेबनीस जेवणाच्या सुट्टीत भिंतीशी बोलतात. विचारलं तर म्हणे संवाद पाठ करतोय. आणि गेटवरचे वॉचमनकाका, जे इतकी वर्षं नुसते गुणगुणायचे, ते आता गाड्या आत सोडतानाही तान घेतात. कालच्या तानेत एक ट्रक पाच मिनिटं अडकला.

साहेबांनी खिडकीतून ऐकलं. ओरडले नाहीत.

१ फेब्रुवारी

एकशे बारा! साहेबांनी पाकिटांचा गठ्ठा स्वतः कपाटात ठेवला. म्हणाले, "एकशे बारा माणसं मनातलं मनात ठेवून आपल्या गावात भाजी आणत होती."

१० फेब्रुवारी

निकाल लागला. मास्तर तीन दिवस शाळेच्या रिकाम्या वर्गात दार लावून बसले होते. आज चिठ्ठी आली. मोठ्या कागदावर मधोमध एक आकडा, खाली सही, बाकी काही नाही. साहेबांचा चष्मा गाडीत राहिलेला. "वाचा," म्हणाले. वाचलं — एकाहत्तर. त्यांनी पाकीट काढलं, मी फोडलं.

बसमधल्या कंडक्टरबाई! प्रवाशांच्या बोलण्यावरून एकपात्री खेळ करतात, त्याचं रेकॉर्डिंग दिलं होतं म्हणे. मी रोज त्याच बसनं येते! साहेब म्हणाले, "मला वाटलं होतं, मास्तर चित्रच उचलणार." पण खूश होते. लगेच पत्र लिहायला लावलं, सही केली.

मास्तर दुपारच्या गाडीनं लेकीकडे गेले, लांब, दोन महिन्यांसाठी. लोकांची कामं उद्यापासून चिठ्ठी दाखवून ज्याची त्याला परत.

११ फेब्रुवारी

आईंना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. कुणाला मिळालं ते आज गावभर झालंच आहे. "कंडक्टर? बाई आहे ना? बरं झालं," म्हणाल्या. मला वाटलं होतं, अजून चार प्रश्न विचारतील. जेवल्या नाहीत. पोट जड आहे म्हणे.

१६ फेब्रुवारी

कंडक्टरबाई आल्या होत्या. चाळिशीच्या आत-बाहेर, आवाज असा की फाईलीसुद्धा सरकून बसाव्यात. साहेबांनी विचारलं, वर्षभर काय करणार? "आधी झोपणार, साहेब. चौदा वर्षं पहिली बस माझी आहे."

साहेब मोठ्यांदा हसले! एकोणीस वर्षांत तिसऱ्यांदा.

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि माझीच नक्कल केली. "अहो, जरा पुढे सरका ना, पुढे मैदान पडलंय!" मी रोज असं म्हणते? असंच? साहेब म्हणाले, "अगदी असंच." दिवसभर मी हळू आवाजात बोलत होते.

त्यांनी वर्षाची बिनपगारी रजा टाकली आहे. त्यांच्या बसवर दुसरीची नेमणूकही झाली.

२१ फेब्रुवारी

घर कसं लख्ख आहे! कपटा नाही. आईंनी कात्री ठेवून दिली. बोटं दुखतात म्हणतात. आज वर्तमानपत्र खिडक्या न पाडलेलं, अख्खं वाचायला मिळालं. सुख!

२६ फेब्रुवारी

दुपारी शाळेत गेले, साहेबांचं पत्र द्यायच्या निमित्तानं. कंडक्टरबाईंचा वर्ग चालू होता. बाकं दोन रांगांत लावून बस केली होती. प्रत्येक पोरानं एक प्रवासी व्हायचं आणि उतरेपर्यंत तसंच राहायचं. कोपऱ्यातली एक मुलगी, जी मुख्याध्यापिकाबाईंच्या सांगण्याप्रमाणे दोन वर्षं वर्गात तोंड उघडत नाही, ती आजीबाई झाली होती. कंडक्टरबाईंनी विचारलं, "आजी, कुठे उतरणार?" ती म्हणाली, "तुम्ही जिथे म्हणाल तिथे नाही."

सगळा वर्ग लोळला. मी दाराशी उभी, डोळे पुसत. साहेबांचं खूळ किती खरं असतं!

३ मार्च

आज माझंच अक्षर बघा कसं येतंय.

दुपारी मास्तरांचा फोन. साहेब बाहेर होते. "काय म्हणतायत आमचे एकोणऐंशी?"

मी म्हटलं, "एकाहत्तर."

"छे हो, एकोणऐंशी! मी निवडलंय, मला माहीत नाही? ते काम बघितल्यावर दोन दिवस दुसरं काही बघावंसं वाटलं नाही. चाळीस वर्षं शिकवलं, अशी नजर दिसली नव्हती. भेटायचंय मला, आलो की."

"हो, हो, छान चाललंय," मी म्हणाले. तोंडातून तेच निघून गेलं.

फोन ठेवून चिठ्ठी काढली. खिडकीशी धरली. मास्तरांचा नऊ म्हणजे पोट आत घेतलेला एक. नऊला एकापेक्षा जी एवढीशी गाठ जास्त लागते ती आहे — आहे की नाही कळत नाही अशी. ७१. ७९. मी एकाहत्तर वाचलं. फोन करून विचारायला काय झालं होतं? अर्धं मिनिट लागलं असतं!

४ मार्च

सांगणार होते. साहेब म्हणाले, "कंडक्टरबाईंचा वर्ग बघून आलो." चेहरा असा फुललेला की मी नुसता पत्रांचा गठ्ठा पुढे केला.

६ मार्च

दिवसभर मनात तेच. सांगितलं तर कंडक्टरबाईंचं काय? रजा टाकली, बस गेली, पोरं जीव लावून बसली. नाही सांगितलं तर एकोणऐंशीचं काय? कोण असेल? गावातच कुठेतरी चहा पीत असेल, मनाला समजावत असेल — नाही जमलं आपल्याला, जाऊ दे. आणि ते माझ्यामुळे!

कामं तर केव्हाच परत गेली. उरलंय ते पाकीट, आणि तेही साहेबांच्या कुलपात.

९ मार्च

वॉचमनकाका गात नाहीत! आठवडा झाला. एकोणऐंशी हेच! दोन दिवस त्यांना स्वतः चहा नेऊन देते आहे. आज न राहवून विचारलं, काका, मन लागत नाहीये का?

गाल दाखवला. दाढ काढली आहे.

१० मार्च

साहेबांनी आज सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. "ही योजना कागदावर माझी, खरी यांची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा धुतलं.

१४ मार्च

आईंना सांगून टाकलं. आणखी कुणाला सांगणार? ह्यांना फोनवर सांगितलं तर लिफ्ट उलटी बसवतील.

आई मटार सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं — चिठ्ठी, मास्तरांचा फोन, माझं "छान चाललंय". शेवटी म्हणाल्या, "मास्तर कितवा नंबर म्हणाले?"

"एकोणऐंशी."

"नक्की?"

"दोनदा म्हणाले. अशी नजर चाळीस वर्षांत दिसली नाही म्हणाले."

"असं म्हणाले?" पुढची शेंग हातात घेतली, सोलली, दाणे भांड्यात टाकले. "मग झालं की. राहू दे आता."

राहू दे?

"ती बाई शिकवतेय ना छान? पोरं खूश आहेत ना? मग कशाला उकरून काढतेस? नोकरी जाईल तुझी."

मी म्हटलं, "आई, एकोणऐंशी म्हणजे कुणीतरी माणूस आहे! वाट बघत असेल!"

"बघून झाली असेल ग," म्हणाल्या.

१५ मार्च

आईंशी बोलत नाहीये. म्हणजे "चहा ठेवला आहे" इतकंच बोलते आहे.

मला त्यांचा राग आला आहे, खरंच आला आहे. शेजाऱ्यांचा कपड्यांचा चिमटा चुकून आपल्या दोरीवर आला तर जिना चढून परत देऊन येणारी बाई! लग्न होऊन आले तेव्हा मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की दुसऱ्याचं आपल्याकडे राहता कामा नये. आणि आता म्हणते राहू दे. माझ्या नोकरीसाठी? मग सून म्हणून मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. माझ्यासाठी कुणी असं लहान होऊ नये.

१७ मार्च

आज त्यांनीच अबोला मोडला. माझ्या ब्लाउजचं तुटलेलं हुक लावून दिलं आणि म्हणाल्या, "बटणांच्या कारखान्यात नोकरी आणि अंगावर हुक लटकतंय!" हसू आलं. फार वेळ रागावता येत नाही या बाईवर. पण मत बदललेलं नाही, ना त्यांचं ना माझं.

१९ मार्च

बसथांब्यावर कंडक्टरबाई भेटल्या, साध्या कपड्यांत. पाहणारे पुन्हा पुन्हा पाहत होते, खाकी नाही म्हणून. म्हणाल्या, "ताई, परवा झोपेत 'पुढचा थांबा' ओरडले आणि जाग आली. जाग आल्यावर आठवलं, आज बस नाही, आज लिहायचंय. उशीत तोंड खुपसून हसत सुटले. असं शेवटचं कधी हसले होते, आठवत नाही."

हिच्याकडून काय काढून घेऊ मी? कोणत्या तोंडानं?

२४ मार्च

साहेब: "एकतीस तारखेला पाकिटं बारीक करायची आहेत, लक्षात आहे ना? यंत्राला तेलपाणी करून ठेवा."

सात दिवस. मग एकोणऐंशी कोण, हे कुणालाच कधी कळणार नाही. मलाही नाही. सुटलेच म्हणायचं! आणि हे मनात आलं त्याचीच मला जास्त भीती वाटली.

२७ मार्च

ठरवलं. उद्या सांगणार. राजीनामा लिहिला, उद्याची तारीख घालून, हातानं. एकोणीस वर्षांत साहेबांच्या सहीशिवाय लिहिलेलं पहिलं पत्र.

आईंना सांगितलं. हातातल्या साडीची घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "सांग. तुला गप्प राहवणार नाही, ते दिसतंयच. दोन आठवडे नीट जेवली नाहीस. पण साहेबांना एवढं म्हण, पाकीट उघडू नका. नियम आहे ना? निवडलं नाही त्याचं नाव उघडायचं नाही."

"पण आई, निवडलं होतं!"

"त्याला कुठे माहीत आहे? आता मागून सांगायचं, तुला मिळालं होतं हो, चुकून राहिलं. कशाला? आणि ज्याच्या हातून राहिलं त्याच्या मनाला जन्मभर लागेल." माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं सहसा करत नाहीत. "ऐक माझं. पाकीट नको."

हट्टीपणात साहेबांची आणि यांची गाठ घालून द्यायला हवी एकदा.

२८ मार्च

सांगितलं.

साहेबांनी चिठ्ठी घेतली, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "मलाही एकाहत्तरच दिसतंय."

"मास्तर एकोणऐंशी म्हणतात, साहेब. आणि मला तीन तारखेपासून माहीत आहे."

"तीन तारखेपासून." बटण खाली ठेवलं. "वाचताना चूक कुणाचीही होते. माझीही झाली असती. पण पंचवीस दिवस तुम्ही रोज सकाळी इथे, या खुर्चीत बसून माझी पत्रं लिहिलीत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "ज्यांची नावं झाकायला मी हे सगळं केलं, त्यांच्यातल्या एकाला आपण उगाच शेवटून दुसरा केला."

राजीनामा पुढे केला. त्यांनी वाचला. तारखेवर बोट ठेवलं.

"ही अठ्ठावीस आहे की अडतीस?"

मला कळेना हसू की रडू.

"निदान इथे तरी अक्षरी लिहायचंत. घरी जा आता."

२९ मार्च

ऑफिसात होते. हाक आली नाही. एकोणीस वर्षांत पहिला दिवस — एक हाक नाही. वॉचमनकाका पुन्हा गायला लागले आहेत. मी मात्र आज कुणाचंच गाणं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

३० मार्च

हाक आली! वही घेऊन धावले.

"लिहून घ्या. कंडक्टरबाई राहतील. पत्राखाली सही माझी आहे. आणि पोरांना आता त्यांच्याशिवाय चालायचं नाही, मी बघून आलोय. एकोणऐंशीही येतील. या वर्षी दोघे. झालं."

मी म्हटलं, दोघांचा पगार? तर कारखान्याच्या दर्शनी भागाचं नवं बांधकाम रद्द! काचेचं दार, कारंजं, सगळं. "बटणं जुन्या दारानंही बाहेर जातात."

"आणि माझा राजीनामा, साहेब?"

"तो मला वाचताच येत नाहीये. अक्षर फार वाईट आहे तुमचं." तो कागद टेबलावर नव्हता. कुठे गेला, मी विचारलं नाही. मग गंभीर झाले. "पुन्हा काही लपवलंत तर मात्र वाचता येईल."

मी खाली मान घालून उभी होते. या माणसासाठी आणखी एकोणीस वर्षं पत्रं लिहीन.

जाताना आईंचा निरोप आठवला. सांगितलं, माझ्या सासूबाई म्हणतात, पाकीट उघडू नये, नियम आहे.

"नियमाच्या पक्क्या दिसतात. पण नियम न निवडलेल्यांसाठी आहे. हा माणूस निवडलेला आहे. त्याला ते कळलंच पाहिजे, उशिरा का होईना. आज मास्तरांना मी स्वतः फोन करतो, पुन्हा चूक नको. उद्या सकाळी उघडू."

घरी येऊन आईंना सगळं सांगितलं. नोकरी वाचली म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. पाकिटाचं सांगितल्यावर नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि दिवा लावायला उठल्या. बाहेर अजून चांगला उजेड होता.

३१ मार्च

मास्तरांनी साहेबांना फोनवर आकडा फोडून सांगितला — सातावर नऊ. साहेबांनी कपाट उघडलं, पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "तुम्हीच फोडा."

आत आईंचं अक्षर. आईंचं नाव. आमच्या घराचा पत्ता.

साहेबांनी विचारलं, "कोण आहेत? ओळखीचे आहेत का?"

मी हो म्हणाले, आणि तिथेच, त्यांच्यासमोर, मला रडू फुटलं.